सखाराम मामा आणि अडून बसलेला ट्रॅक्टर

यंत्रावर चिडून उपयोग नसतो हे मला पटतं, तरी मी चिडते. परवा मिक्सर अडून बसला तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावले, तर भाचा हसत सुटला. म्हणाला, "आत्या, त्याला कळत नाही." त्याला कळत नाही हे मलाही कळतं. पण मी ज्या घरात वाढले त्या घरात एका ट्रॅक्टरशी तीन दिवस सगळे जण बोलत होते, त्याला शिव्या देत होते, मधूनच त्याच्या पाया पडत होते, आणि तो ढिम्म उभा होता. त्या तीन दिवसांची गोष्ट मी नातेवाइकांत पुष्कळदा सांगितली आहे, हसवून हसवून सांगितली आहे. सांगताना तिच्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळत आले. इथं तो गाळणार नाही.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घरात वडील, म्हणजे अण्णा, माय आणि मी. थोरला भाऊ तेव्हा नोकरीच्या शोधात बाहेर. ट्रॅक्टर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. कपाशीच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच, बुटका, पुढची चाकं तर हातगाड्याला शोभतील अशी. गावातली मोठ्या ट्रॅक्टरवाली माणसं त्याला खेळणं म्हणायची आणि अण्णांना ते फार लागायचं, कारण त्या खेळण्यासाठी त्यांनी घरची तांबडी बैलजोडी विकली होती. जोडी गेली त्या दिवशी आमचा सालगडी सखाराम मामा जेवला नाही. अकरा पाडवे झाले होते त्याला आमच्याकडे. पाडव्याला साल ठरायचं, अण्णा त्याला टॉवेल-टोपी द्यायचे, माय त्याच्या हातावर साखर ठेवायची, की पुढच्या पाडव्यापर्यंत तो आमचा आणि आम्ही त्याचे. बैलांबरोबर त्यालाही जा म्हणतील अशी त्याला धास्ती होती. अण्णांनी तसं केलं नाही. पंधरा दिवस शेजारच्या गावी पाठवून त्याला ट्रॅक्टर शिकवला. तो शिकलाही. तरी उतरल्यावर बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "मालक, बैल थकला की बसतो, मानसाला कळतं. ह्याचं काय कळावं?" हे त्यानं एवढ्या वेळा आणि एवढ्या लोकांपुढं म्हटलं की पुढं ते त्याच्याच अंगावर आलं.

ट्रॅक्टर का अडला हे मी आत्ताच सांगून टाकते. कोडं घालून तुम्हाला बसवून ठेवावं असं त्यात काही नाही, आणि आम्ही जेवढे बेजार झालो तेवढं दुसऱ्या कुणी होऊ नये. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन पुजायची. त्या वर्षी ट्रॅक्टरची पहिलीच खंडेनवमी. माझा हात रांगोळीचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पोळ्याला शिंगं रंगवायला आणलेल्या लाल ऑइलपेंटचा डबा बैल गेल्यामुळं तसाच न उघडता पडला होता. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मडगार्डवर शुभ-लाभ लिहिलं, आणि तरी रंग उरला. डिझेलच्या टाकीचं टोपण मला कळकट वाटलं. त्याला मी दोन हात दिले. टोपणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं. मला वाटलं गंजून पडलंय, डिझेलात पाणी जाईल, म्हणून काडीनं रंग दाबून दाबून ते बुजवलं. माय तेलाच्या डब्याला नेहमी दोन भोकं पाडायची, एकातून तेल यायला आणि दुसऱ्यातून वारा आत जायला. एकच पाडलं तर तेल गुटगुट करतं आणि अडतं. हे मी रोज डोळ्यांनी बघत होते. पण डबा चुलीपाशी आणि टाकी ट्रॅक्टरवर, दोन्हींचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. सगळे म्हणाले, पोरीनं ट्रॅक्टर नवरीसारखा सजवला.

दसऱ्याला सेलूहून बाबूकाका आले, अण्णांचे धाकटे भाऊ. ते तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि जिनिंगच्या मशिनी रोज बघत असल्यामुळं जगातल्या कुठल्याही मशिनीवर आपलं मत द्यायचा त्यांना अधिकार होता. दुसऱ्या दिवशी ज्वारीची पेरणी धरली. परतीचा पाऊस होऊन रानाला नेमका वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला होता. अण्णा रोज पहाटे रानातली मूठभर माती दाबून बघायचे आणि ढेकूळ माझ्यापुढं धरून म्हणायचे, "चार दिवस. लय झालं तर पाच." त्यानंतर काळी माती वरून आवळते, बी खाली कोरड्यात पडतं आणि हंगाम हातचा जातो. मला पेरणीयंत्राच्या मागच्या फळीवर उभं केलं होतं, पेटीतलं बी कुठं अडकलं तर हातानं सारायला. सखाराम मामानं सकाळी स्वतः फडक्यातून गाळून टाकी गच्च भरली, चावी फिरवली, आणि डुगडुग करत आम्ही निघालो. आजही तो आवाज कानात आला की मला धपाट्याचा आणि डिझेलचा एकत्र वास येतो, कारण न्याहारीची फडकी मामानं सीटखाली ठेवली होती.

अर्धा तास झाला नसेल. लांबच्या बांधापाशी ट्रॅक्टरनं दोन ठसके दिले आणि बंद. मामानं चावी फिरवली, स्टार्टर घर्र घर्र करून दमला. मामा उतरला. टाकीखालची तोटी बघितली, चालू होती. नळीत अडकलेली हवा काढायला फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला. थोडा फेस आला, मग काहीच नाही. पुन्हा मारला, घामाघूम झाला, काहीच नाही. टाकी त्यानंच तासाभरापूर्वी भरली होती. ती उघडून बघायचं त्याला कारणच नव्हतं. तेवढ्यात अण्णा आणि बाबूकाका आले. अण्णांनी पहिलं काम काय केलं असेल, तर टाकीचं टोपण उघडून आत डोकावून बघितलं. "डिझेल तर हाय," असं म्हणून टोपण लावलं. मग बाबूकाकांनी पंप मारला, डिझेल धारेनं आलं, स्क्रू आवळला, चावी फिरवली, चालू! बाबूकाका हात पुसत म्हणाले, "एअर धरली होती. काढाया येत न्हाई का रे तुला?"

"मीबी तेच केलं की," मामा म्हणाला.

"मंग चालू कामून झाला न्हाई?"

पुढचे दोन दिवस हाच प्रश्न मामाला वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. दुपारपर्यंत ट्रॅक्टर चार वेळा बंद पडला. दर वेळी मामा एकटा झटला की ढिम्म, आणि कुणी दुसरं आलं की सुरू. येणारा प्रत्येक जण आधी टोपण उघडायचा, कारण सालगड्यानं डिझेल भरलं म्हटल्यावर भरलं असेलच, असा विश्वास कुणाचाच नव्हता. त्या अविश्वासानंच टाकीत वारा जायचा आणि ट्रॅक्टर चालायचा. मामाचा स्वतःवर विश्वास होता, म्हणून त्याचा चालत नव्हता. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मात्र वापसा तासातासानं उडत होता आणि अण्णांच्या कपाळाची शीर दिसायला लागली होती. संध्याकाळी वाटेत पुन्हा अडेल या भीतीनं शेजाऱ्यांचे बैल आणून ट्रॅक्टर ओढत घरी आणावा लागला. बैलांच्या पुढं सखाराम मामा. दीड महिन्यांनी हातात कासरा आल्यावर त्याची चालच बदलली, तो बैलांशी च्यक् च्यक् करत, काहीबाही बोलत चालला होता. अण्णा मागून ते बघत होते. मीही बघत होते, आणि मला ते गोड वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताडकळसहून रशीद मिस्त्री फटफटीवर आला. आल्या आल्या त्यानं टोपण उघडलं, बोटानं डिझेल घेऊन हुंगलं, टोपण लावलं. फिल्टर बदलला, नोझल खोलून पुसलं, एअर काढली. ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू. दहा मिनिटं अंगणात डुगडुगत ठेवून मिस्त्रीनं चहा घेतला, वर पुरणपोळी खाल्ली आणि म्हणाला, "एकदम दुरुस्त, अण्णा. अब चलानेवाला नीट पायजे, बस." हे बोलून तो गेला. बोलणाऱ्याचं काय जातं? रानात गेल्यावर अर्ध्या तासानं तेच. माय एरवी असल्या गोष्टींना हसायची, पण तिनंही दुपारी लिंबू-मिरची आणून पुढं बांधली. बाबूकाकांनी मत बदलून पंप खराब म्हटलं, मग पुन्हा बदलून डिझेल खराब म्हटलं. मला तर वाटायला लागलं की हे यंत्र मुद्दाम आमचा अंत बघतंय. मी फळीवरून उतरून त्याच्या चाकाला लाथ मारली आणि माझाच अंगठा सुजला.

त्या रात्री जेवायला पिठलं-भाकरी होती. अण्णा एकदम म्हणाले, "माझ्या हातानं चालू हुतो, बाबूच्या हातानं हुतो, मिस्त्रीच्या हातानं हुतो. ह्या सखारामच्याच हातानं कसा बंद पडतो? त्याला बैल पायजेत. म्हणून करायलाय तो."

माय म्हणाली, "अकरा वर्सं झाली. कधी शेंगदाना उचलला का त्यानं?"

"शेंगदान्याचं कोन बोलायलंय?" अण्णा म्हणाले आणि ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवानं भिजलेला ट्रॅक्टर पुसत होते. अंगणात कुणी नव्हतं. अण्णा आणि काका आत न्याहारीला, मामा वैरण आणायला. दोन दिवस प्रत्येक जण टोपण उघडतो म्हणून मीही उघडलं. आणि एवढ्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं: सूंऽऽ करून वारा आत गेला. लोणच्याची बरणी उघडताना येतो तसा आवाज. एरवी उघडताना भोवती चार माणसं भांडत असायची, कोण ऐकणार? मी टोपणाकडं बघितलं. लाल, गुळगुळीत, मधोमध माझ्या रंगाची गुठळी. मला तेलाचा डबा आठवला आणि सगळं एका क्षणात लख्ख कळलं. मी परकराची पिन काढून टोचून बघितलं, रंग दगडासारखा वाळला होता, पिन वाकली. तेवढ्यात मामा वैरणीचा भारा घेऊन आला आणि आतून अण्णांचं खाकरणं ऐकू आलं. मी टोपण लावलं, पिन मुठीत धरली आणि आत जाऊन परातीपाशी बसले.

अण्णा मारायचे नाहीत. ते बोलायचे, आणि चार माणसांत बोलायचे. त्यांचं बोलणं गावभर व्हायचं आणि वर्षानुवर्षं टिकायचं. मला त्याची एवढी भीती होती की मी मनाशी ठरवलं, रानात संधी मिळाली की दाभणानं गुपचूप भोक मोकळं करू, कुणाला कळणारही नाही. मी पोती शिवायचं दाभण कमरेला खोचलं सुद्धा. पण त्या दिवशी अण्णा बांधावर हात मागे बांधून उभेच राहिले. त्यांची नजर मामाच्या हातावरून हलत नव्हती. माझ्या कमरेला दाभण आणि तोंडाला कुलूप.

अर्धा तास झाला आणि ट्रॅक्टर बंद पडला. मामा खाली उतरून पंपाला हात घालणार, तोच अण्णा आले. बाबूकाका होते, शेजारच्या रानातले दोघं जण होते. त्या सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे सखाराम. तुझं नाटक बास झालं. बैल आनावेत म्हणून माझी पेरनी बुडवायलास तू. माझंच खाऊन."

मामानं पंपाकडं नेलेला हात मागं घेतला. मग म्हणाला, "मालक, बैलासाठी रडलो ते खरंय. पन रानाशी मी असं करीन?"

"मंग दुसरं कोन करायलंय? सांग की!"

मी फळीवर उभी होते, दोघांपासून पाच हातांवर. बोलायला एवढी सोपी जागा आयुष्यात मला पुन्हा मिळाली नाही. मी बोलले नाही. आणि खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते, की एक क्षण मला हायसं वाटलं. ते त्याच्यावर गेलं होतं, माझ्यावर नाही. मामानं सीटखालची न्याहारीची फडकी काढली, झटकून खांद्यावर टाकली आणि बांधाबांधानं आपल्या वाडीकडं चालू लागला. सालाच्या मधूनच उठून जाणं म्हणजे गड्याच्या नावाला लागलेला डाग, पुन्हा कुणी सहज कामावर ठेवत नाही. हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

दिवे लागायच्या वेळी चुलीपुढं मी मायला सांगितलं. सांगितलं म्हणजे रडत रडत कसंबसं बोलले. मायनं सगळं ऐकलं, माझ्या कमरेचं दाभण ओढून काढलं, चुलीत तापवलं आणि अंगणात गेली. टोपण काढून हातात घेतलं, तापल्या दाभणानं भोक पाडलं, फुंकर मारून बघितली, टोपण लावलं आणि अण्णांना म्हणाली, "आता चालू करा. बंद पडला तर मला हाका मारा." अण्णांनी बाबूकाकांकडून एअर काढून घेतली आणि ट्रॅक्टर सुरू केला. तो डुगडुगत राहिला. अर्धा तास, तास, सगळे वट्ट्यावर बसून त्याच्याकडं बघतायत आणि तो ठसकत सुद्धा नाही. मला तो तेव्हा बंद पडावा असं वाटत होतं, म्हणजे दोष माझा ठरला नसता. माय अण्णांना सगळं सांगत होती ते मी दाराआडून ऐकत होते. ज्या बोलण्याला मी दिवसभर भ्याले ते अण्णा बोललेच नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

चौथ्या दिवशी अण्णा स्वतः ट्रॅक्टरवर बसले. त्यांना धड चालवता येत नव्हता. ओळी अशा पडल्या की फळीवर उभी राहून मलाच भोवळ येत होती. ती वाकडी ज्वारी पुढं हिवाळाभर रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसत होती आणि कुणी चेष्टेनं विचारलं, की अण्णा मान वर न करता "मीच पेरलीय" म्हणायचे. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी चांगला चालता ट्रॅक्टर स्वतःच बंद केला, वापसा उडत असताना, आणि मला म्हणाले, "चल." आम्ही बांधाबांधानं वाडीवर गेलो.

मामा दारात बसून दोर वळत होता. उठला, बाज टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. अण्णा बसले नाहीत. पाण्याचा तांब्या हातात धरून ते म्हणाले, "टोपनाचं भोक बुजलं होतं. पोरीनं रंग लावला होता."

"असं व्हय," मामा म्हणाला. "टोपनाला भोक असतंय व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाई."

अण्णांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. मग अण्णा म्हणाले, "वळी वाकड्या पडायल्यात, सखाराम."

माझ्या वडिलांच्या तोंडून माफी याच्या जवळपास एवढंच येऊ शकत होतं. मामाला ते कळलं, त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. त्यानं दोराला पीळ दिला, गाठ मारली आणि म्हणाला, "पडू द्या, मालक."

अण्णा तांब्या खाली ठेवून वळले. मी वळले नाही. मी म्हणाले, "मामा, मला काल सकाळीच कळलं होतं. तुमी जायच्या आधी. मी बोलले न्हाई."

त्यानं पहिल्यांदा हातातला दोर खाली ठेवला. "कामून गं ताई?"

"भ्या वाटलं. अण्णांचं."

मामा माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही, राग असता तर मला सोपं गेलं असतं. "भ्या मलाबी हुतं की," तो म्हणाला, आणि दोर उचलून पुन्हा वळायला लागला.